आभासी नाणें, सरकारी निर्बंध आणि सामान्य माणूस

गेल्या गळीत हंगामांत आमच्या एका सभासदाचें बँकखातें अचानक गोठविण्यांत आलें. कारखान्याकडून उसाच्या बिलाचा हप्ता नुकताच जमा झालेला, सोसायटीचें पीककर्ज फेडावयाचें राहिलेलें, आणि पैसे काढावयास गेले तों कारकुनानें सांगितलें, "परराज्यांतील पोलिसांचें पत्र आलें आहे, आमच्या हातीं कांहीं नाहीं." चौकशी करतां निघालें तें असें. या गृहस्थांच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलानें वडिलांच्या खात्यावरून थोडें बिटकॉइन घेतलें होतें, व फीची गरज पडतांच तें मोबाइलवरूनच एका अनोळखी इसमास विकलें. त्या इसमानें पाठविलेले अठरा हजार रुपये हे कोणा तिसऱ्याच माणसास फसवून मिळविलेले होते. पैशाचा माग काढीत पोलीस या खात्यापर्यंत पोहोंचले. मुलानें चोरी केली नव्हती, कायद्यानें मना केलेली वस्तु विकली नव्हती. तरी उसाचे पैसे साडेचार महिने अडकले, कर्जाची मुदत टळली आणि वेळेवर फेड करणाऱ्यास मिळणारी व्याजाची सवलत हातची गेली.

या प्रकरणानंतर कचेरींत येणारे सभासद आम्हांस एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारूं लागले. हा व्यवहार कायदेशीर आहे काय? असल्यास त्याच्या वाटेंत इतके कांटे कां? आणि नसल्यास सरकार त्यावर कर कसा घेतें? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं, म्हणून येथें तें थोडें विस्तारानें देण्याचें योजिलें आहे. आरंभींच सांगून ठेवितों कीं, हें नाणें कोणीं घ्यावें अशी आमची शिफारस नाहीं.

बिटकॉइन व त्या जातीचीं इतर नाणीं टांकसाळींत पडत नाहींत व त्यांवर कोणत्याही सरकारचा छाप नसतो. २००९ सालीं सातोशी नाकामोतो हें टोपणनांव धारण करणाऱ्या कोणा अज्ञात व्यक्तीनें किंवा मंडळीनें बिटकॉइन सुरू केलें. जगभर पसरलेल्या असंख्य संगणकांवर एकच सामाईक खतावणी ठेविलेली असते. कोणीं कोणास किती दिलें याची नोंद सर्वांच्या वहींत होते व मागील नोंद एकट्यादुकट्यास खोडतां येत नाहीं. एकंदर नाणीं २ कोटी १० लाखांहून अधिक व्हावयाचीं नाहींत, असा नियम त्या रचनेंतच घातला आहे. आणि एका नाण्याचे दहा कोटी भाग होऊं शकत असल्यामुळें शंभर रुपयांचेंही घेतां येतें. त्याच्यामागें सोनें नाहीं कीं सरकारची हमी नाहीं; घेणारा आहे तोंवर किंमत आहे. नोव्हेंबर २०२१ मध्यें एका बिटकॉइनचा भाव सुमारें ६९ हजार डॉलरांपर्यंत चढला व पुढील नोव्हेंबरांत तो १६ हजारांच्याही खालीं उतरला. कांद्याच्या भावाची उलथापालथ जन्मभर पाहिलेल्या शेतकऱ्यासही हा चढउतार धडकी भरवील.

आतां मुख्य गोष्ट ध्यानांत घ्यावी. ही खतावणी कोणाच्याच ताब्यांत नसल्यामुळें सरकारास ती बंद करतां येत नाहीं. परंतु आपल्या हातचा रुपया देऊन हें नाणें घ्यावयाचें, किंवा नाणें मोडून रुपये करावयाचे, तर वाट बँकेंतूनच जाते. ही वाट सरकारास अडवितां येते, अरुंद करितां येते, तिच्यावर जकातनाका बसवितां येतो. आपल्या देशांत आजवर जे जे निर्बंध आले ते सारे या वाटेवरचे आहेत. नाणें बाळगणें हा गुन्हा आहे असा कायदा कधींच झाला नाहीं.

रिझर्व्ह बँकेनें पहिली सावधगिरीची सूचना २४ डिसेंबर २०१३ रोजीं काढिली. तींत मनाई नव्हती. धोका तुमचा तुम्हीं ओळखावा, एवढाच इशारा होता. पुढें २०१७ सालीं भाव भडकले आणि तसल्याच सूचना पुन्हां निघाल्या. ६ एप्रिल २०१८ रोजीं मात्र खरें पाऊल पडलें. आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्या कोणासही सेवा देऊं नये, आणि देत असल्यास तीन महिन्यांत संबंध तोडावा, असें रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांस फर्माविलें. नाण्याची खरेदीविक्री बेकायदेशीर ठरविली नाहीं. फक्त पैसे ने-आण करणारा रस्ता बंद केला. बाजार चालूं ठेवून बाजारास जाणाऱ्या गाड्या अडवाव्या, असाच हा प्रकार होता.

परिणाम लौकरच दिसूं लागला. झेबपे या पेढीनें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आपला येथील बाजार मिटविला. कोइनेक्सनें जून २०१९ मध्यें दुकान आवरलें. युनोकॉइनच्या चालकांनीं बेंगळुरूंत रोख भरण्याचें यंत्र उभारून पाहिलें, तर ऑक्टोबर २०१८ मध्यें पोलिसांनीं तें जप्त करून त्यांस अटक केली. ज्यांच्याजवळ मोठें भांडवल व परदेशांत ओळखी होत्या त्यांनीं आपलीं खातीं बाहेरदेशीं हलविलीं. लहान माणूस उरला तो व्यक्तिव्यक्तींमधील थेट खरेदीविक्रीवर. हा प्रकार कसा चालतो हें नीट समजून घेतल्यावांचून वर दिलेल्या प्रकरणाचा उलगडा होणार नाहीं.

मध्यस्थ पेढी विकणाऱ्याचें नाणें आपल्याजवळ अडकवून ठेवते. घेणारा तिऱ्हाईत, तो आपल्या खात्यांतून विकणाऱ्याच्या खात्यांत परस्पर रुपये पाठवितो. रुपये पोहोंचल्याचें विकणाऱ्यानें कळविलें कीं पेढी नाणें सोडते. यांत पेढीच्या हातीं रुपया येतच नाहीं, म्हणून बँकेवरील मनाई तिला लागत नाहीं. परंतु बँकेस काय दिसतें? एका अनोळखी माणसानें दुसऱ्या अनोळखी माणसास पैसे पाठविले, एवढेंच. ते कोठून आले हें विकणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाहीं. फसविला गेलेला इसम १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवितो, आणि त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्या खात्यांवर क्रमाक्रमानें बंधन येत जातें. कधीं तेवढीच रक्कम अडकते, कधीं सबंध खातें गोठतें. चोर पहिल्या दोन-तीन खात्यांतून केव्हांच पसार झालेला असतो. सांपडतो तो शेवटचा, ज्यानें आपलें खरें नांव व खरें खातें दिलें तो. आमच्या सभासदाचा मुलगा असा शेवटचा होता.

२०१८ च्या त्या फर्मानाविरुद्ध पेढ्यांच्या संघटनेनें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. ४ मार्च २०२० रोजीं न्या. नरिमन, न्या. बोस व न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठानें तें रद्द केलें. या निकालाचा पुष्कळांनीं चुकीचा अर्थ लाविला आहे. न्यायालयानें बिटकॉइनला मान्यता दिली नाहीं, कीं रिझर्व्ह बँकेस या विषयांत अधिकार नाहीं असेंही म्हटलें नाहीं. अधिकार आहे, परंतु या व्यवहारांमुळें बँकांची कांहीं हानि झाल्याचें दाखविल्यावांचून एका कायदेशीर धंद्याचा श्वासच कोंडणें हें प्रमाणाबाहेर आहे, असा तो निर्णय होता. निकाल लागला तरी कित्येक बँका जुन्याच फर्मानाचा हवाला देऊन ग्राहकांस नोटिसा पाठवीत राहिल्या. इतकें कीं, ३१ मे २०२१ रोजीं खुद्द रिझर्व्ह बँकेस, रद्द झालेल्या परिपत्रकाचा आधार घेऊं नका, असें त्यांस कळवावें लागलें. दरम्यान २०१९ सालीं एका सरकारी समितीनें सरसकट बंदीचा व दहा वर्षांपर्यंत कैदेचा मसुदा सुचविला होता. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनासाठीं दुसऱ्या विधेयकाचें नांव कामकाजाच्या यादींत झळकलें. दोहोंपैकीं एकही संसदेपुढें मांडलें गेलें नाहीं. वर्षानुवर्षें अशी टांगती तलवार ठेवणें हाही निर्बंधच आहे, आणि तो भित्र्या, प्रामाणिक माणसासच अधिक जाचतो.

१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पानें बंदीऐवजीं कराचा मार्ग धरला. कायद्यांत या नाण्यांस "आभासी डिजिटल मालमत्ता" असें नांव मिळालें आणि त्यांवरील नफ्यास शेंकडा ३० कर व त्यावर ४ टक्के उपकर लागू झाला. लॉटरी व घोड्यांच्या शर्यतींतील जिंकीस जो दर, तोच हा. येथें आमच्या वाचकांचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त आहे, म्हणून शेतकऱ्यानें केलेला हा नफाही मुक्त, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. कर उत्पन्नाच्या जातीवर आहे, मिळविणाऱ्याच्या जातीवर नाहीं. शिवाय इतर उत्पन्नास जी करमाफीची पहिली पायरी असते तिचा आधार या नफ्यास नाहीं. कोट्यधीशास जो दर, तोच दोन एकरवाल्यास.

दराहून अधिक जाचक आहे तो तोट्याचा नियम. भुसाराच्या व्यापाऱ्यास तुरींत तोटा व हरभऱ्यांत नफा झाला, तर तो दोहोंचा मेळ घालून उरलेल्यावर कर देतो. शेअरांच्या धंद्यांतही शेअरांचा तोटा शेअरांच्या नफ्यांतून वजा होतो. येथें तसें होत नाहीं. समजा, एका माणसानें दोन प्रकारचीं नाणीं घेतलीं. एकांत त्यास ४०,००० रुपये नफा झाला व दुसऱ्यांत तितकाच तोटा. त्याच्या हातीं उरलें शून्य. तरीही पहिल्या नफ्यावर १२,००० रुपये कर व ४८० रुपये उपकर मिळून १२,४८० रुपये त्यास पदरचे भरावे लागतात. तोटा पुढील वर्षांतही नेतां येत नाहीं. नाण्याची मूळ खरेदीकिंमत वगळतां दुसरा कोणताही खर्च वजा होत नाहीं, मग ती पेढीची दलाली कां असेना.

१ जुलै २०२२ पासून याखेरीज विक्रीच्या वेळींच शेंकडा १ प्रमाणें उगमीं कपात सुरू झाली. ठराविक वार्षिक मर्यादेवरील व्यवहारांस ती लागते आणि ती नफ्यावर नसून सबंध विक्रीच्या रकमेवर असते. तोट्यांत विकलें तरी कपात होतेच. एक लाख रुपये घेऊन कोणीं वर्षांत दहा वेळां खरेदीविक्री केली व भाव मुळींच हलला नाहीं असें धरलें, तर साडेनऊ हजारांहून अधिक रक्कम कपातींत अडकते. कर देणें न निघाल्यास ती परत मिळते हें खरें. पण त्यासाठीं विवरणपत्र भरावें लागतें. पदरीं हिशेबनीस असलेल्या व्यापाऱ्यास त्यांत कांहींच नाहीं. ज्यानें उभ्या जन्मांत प्राप्तिकराचें विवरणपत्र पाहिलें नाहीं, असा आमचा सभासद दोनतीनशें रुपयांसाठीं तालुक्याच्या गांवीं खेपा घालणार नाहीं. तो ते सोडून देईल. कपातीचा हेतु कर मिळविण्यापेक्षां माग ठेवण्याचा आहे, असें सरकारतर्फें सांगण्यांत आलें. माग ठेवावा, त्यास आमची हरकत नाहीं. पण तेवढ्यासाठीं एक टक्का फार झाला, असें आमचें मत आहे.

याचा पहिला परिणाम असा झाला कीं, गिऱ्हाइकांची रांग देशी पेढ्यांच्या दारांतून उठून परदेशी बाजारांकडे गेली. तेथें कपात नव्हती. मार्च २०२३ मध्यें केंद्र सरकारनें या पेढ्यांस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालीं आणिलें. ग्राहकाची ओळख पटविणें, हिशेब राखणें, संशयास्पद व्यवहार कळविणें त्यांस बंधनकारक झालें. हें पाऊल आम्हांस सर्वस्वीं योग्य वाटतें. डिसेंबर २०२३ मध्यें बायनान्स, कुकॉइन प्रभृति नऊ परदेशी पेढ्यांस नोटिसा गेल्या, व जानेवारींत त्यांचीं ॲप व संकेतस्थळें येथें बंद झालीं. पुढें बायनान्सवर १८ कोटी ८२ लाखांचा दंड बसला. तिनें व कुकॉइननें रीतसर नोंदणी करून दरवाजे पुन्हां उघडले. पेढ्यांचें निभावलें. पण ज्या दिवशीं ॲप बंद झालें त्या दिवशीं ज्याची सारी शिल्लक त्यांत होती, व ती बाहेर काढण्याची खटपट ज्यास अवगत नव्हती, त्या माणसाचा जीव किती टांगणीस लागला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती पोकळ नाहीं. रुपयाची नाडी रिझर्व्ह बँकेच्या हातीं आहे. लोक परक्या, कोणाचाच अंमल नसलेल्या नाण्यांत व्यवहार करूं लागले तर ती नाडी सुटते. भांडवल गुपचूप देशाबाहेर नेण्यास, खंडणी वसूल करण्यास व दहशतवाद्यांस पैसा पोहोंचविण्यास ही वाट सोयीची आहे. आणि फसवणुकीचें तर विचारूंच नये. गेनबिटकॉइन या योजनेनें ठेवीवर दरमहा शेंकडा १० परतावा अठरा महिने देण्याचें आमिष दाखवून देशभर हजारों माणसें नागविलीं. २०१८ सालीं पुणें पोलिसांनीं तिच्या सूत्रधारास धरलें; आपल्याकडील कितीतरी पगारदार व बागाईतदार तींत सांपडले होते. दरमहा दहा टक्के देणारें पीक या भूमीवर उगवत नाहीं, हें ज्यांस शेतांत पक्कें ठाऊक असतें तेच मोबाइलपुढें कसे विसरतात, याचें आम्हांस नवल वाटतें.

परंतु नेमका याच ठिकाणीं आमचा आक्षेप आहे. निर्बंधांचा हेतु जर लहान माणसाचें रक्षण हा असेल, तर तें रक्षण कोठें आहे? १८ जुलै २०२४ रोजीं वझीरएक्स या देशी पेढीवर दरोडा पडून सुमारें दोन हजार कोटी रुपयांचीं नाणीं चोरीस गेलीं. ग्राहकांचे नाण्यांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ बंद राहिले, आणि त्यांच्या पैशाची वांटणी कशी व्हावी याचा निर्णय सिंगापूरच्या न्यायालयांत झाला, कारण मूळ कंपनी तेथील. या ग्राहकांनीं ओळखपत्र दिलें होतें, कपात सोसली होती, तीस टक्के भरले होते. बँक बुडाली तर पांच लाखांपर्यंत ठेवीस विम्याचें संरक्षण असतें. शेअरबाजारावर सेबीची देखरेख असते. यांस यांपैकीं कांहींच नव्हतें. बाजार समितींत आपण सेस भरतों त्याच्या मोबदल्यांत निदान कांटा तपासला जातो, आडत्याचा परवाना पाहिला जातो. येथें सेस आहे व कांटा तपासणारा कोणी नाहीं.

आमच्या वयस्क वाचकांस सुवर्णनियंत्रणाचे दिवस आठवत असतील. जानेवारी १९६३ मध्यें मोरारजी देसाई अर्थमंत्री असतां चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास मनाई झाली. १९६८ सालीं त्याचा स्वतंत्र कायदा झाला. परकीय चलन वांचवावें हा हेतु चांगलाच होता. घडलें काय? खेडोपाडींचे सोनार उघडे पडले, लग्नाचें सोनें चोरून येऊं लागलें, आणि तस्करांची भरभराट झाली. शेवटीं १९९० सालीं तो कायदा रद्द करावा लागला. हा दाखला आभासी नाण्यास सर्वस्वीं लागू पडतो असें नाहीं. सोनें अंगावर घालतां येतें, गहाण ठेवितां येतें. परंतु मनाईनें हौस मरत नाहीं, ती आडवाटेस लागते, इतकें तरी त्यावरून दिसतें. नायजेरिया देशांतही हाच अनुभव आला. तेथील मध्यवर्ती बँकेनें फेब्रुवारी २०२१ मध्यें बँकांस असेंच दार लावावयास सांगितलें. लोक व्यक्तिव्यक्तींमधील खरेदीविक्रीकडे वळले, आणि डिसेंबर २०२३ मध्यें बँकेनें ती बंदी स्वतःच उठविली.

जातां जातां आणखी एक घोटाळा सांगणें जरूर आहे. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनें मुंबईसह चार शहरांत "डिजिटल रुपया" प्रयोगादाखल सुरू केला. तो सरकारी रुपयाच आहे. त्याचा भाव चढत नाहीं कीं उतरत नाहीं, व बिटकॉइनशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तेव्हां "सरकारमान्य डिजिटल नाणें दुप्पट करून देतों" असें सांगत जो कोणी गांवांत येईल त्यास बसावयास पाट देऊं नये.

ज्या सभासदांजवळ हीं नाणीं आधींपासूनच आहेत त्यांनीं खरेदीच्या दिवसाची तारीख, रक्कम व पेढीनें दिलेली पावती कागदावर छापून ठेवावी. मूळ किंमत सिद्ध करतां आली नाहीं तर सबंध विक्रीवरच कर बसण्याचा प्रसंग येतो. विक्री नोंदणी झालेल्या पेढीमार्फतच करावी आणि चार रुपये जास्त मिळतात म्हणून अनोळखी माणसाकडून परस्पर पैसे घेऊं नयेत. उसाचें बिल, दुधाचा पगार, पीकविमा व सरकारी अनुदान ज्या खात्यांत येतें त्या खात्यावरून हा व्यवहार मुळींच करूं नये. खातें गोठल्यास बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचें नांव व अडकविलेली रक्कम या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्या; वादाची रक्कम तेवढी बाजूस ठेवून बाकीचें खातें मोकळें करावें असा अर्ज त्या ठाण्याकडे व न ऐकल्यास न्यायालयाकडे करितां येतो. आमच्या सभासदाचें खातें अखेर अशाच अर्जावर सुटलें. अठरा हजार रुपये मात्र अद्याप तेथेंच आहेत.